ज्युरीचे समन्स आले : काय करावे, काय टाळावे

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाच्या टपालात कधी ना कधी कोर्टाचे पाकीट येते. मग एडिसन असो, फ्रीमाँट असो की डॅलस, घरात पहिला प्रश्न एकच निघतो : यातून सुटायचे कसे? मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे तोडगे लगेच मिळतातही. इंग्रजी येत नाही म्हणा, पोलिसांवर विश्वास नाही म्हणा, कामाचे कारण पुढे करा. हा लेख त्या सगळ्या तोडग्यांच्या विरोधात आहे. हे समन्स टाळू नये. जावे, आणि तयारीने जावे.

ज्युरीत कोण बसते यावर किती काय ठरते, हे मराठी माणसाने आपल्याच इतिहासात पाहिले आहे. १८९७ साली मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत नऊ जण होते. सहा युरोपीय सदस्यांनी त्यांना दोषी ठरवले, तिघा भारतीयांनी निर्दोष. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ साली न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे पुन्हा राजद्रोहाचाच खटला उभा राहिला. आरोप होता 'केसरी'तल्या मराठी लेखांवर, आणि ज्युरीत होते सात युरोपीय आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. निकाल बहुमताने होत असल्यामुळे दोघांच्या नकाराने काहीच अडले नाही.

अमेरिकेत आज तसे होत नाही. गंभीर फौजदारी खटल्यात आरोपीला दोषी ठरवायचे तर ज्युरीचे एकमत लागते. लुइझियाना राज्याने १८९८ साली बहुमताचा नियम आणला होता. कृष्णवर्णीय सदस्यांच्या मताला किंमत उरू नये हा त्यामागचा हेतू होता. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२० साली 'रामोस विरुद्ध लुइझियाना' खटल्यात बहुमताने दोषी ठरवण्याची ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. म्हणजे १९०८ च्या त्या दोघांच्या हाती जे नव्हते, ते आज ज्युरीतल्या प्रत्येक माणसाच्या हाती आहे. अशी खुर्ची रिकामी सोडू नये, आणि तिच्यावर बसल्यावर निष्काळजीपणा करू नये.

आपल्यापैकी बहुतेकांनी भारतात ज्युरी पाहिलेली नसते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. पारशी विवाह न्यायालयात पाच प्रतिनिधी बसतात, तेवढाच तिचा अवशेष. म्हणून पाकीट उघडण्यापासून निकालानंतरपर्यंतचे टप्पे इथे क्रमाने घेतले आहेत. आकडे फेडरल कोर्टांचे आहेत. राज्यांच्या कोर्टांचे भत्ते आणि नियम वेगळे असतात, ते तुमच्या समन्सवर छापलेले असतात.


पहिला टप्पा : समन्स हातात पडल्यावर

काय करावे

• पाकीट आले त्याच दिवशी उघडा. उत्तर किती दिवसांत द्यायचे ते पाहा आणि फॉर्म भरून पाठवा. बहुतेक कोर्टांत तो ऑनलाइनही भरता येतो.

• पात्रता तपासा. फेडरल कोर्टासाठी तुम्ही अमेरिकेचे नागरिक हवे, वय किमान १८ हवे, त्या न्यायिक जिल्ह्यात किमान एक वर्ष वास्तव्य हवे आणि इंग्रजी लिहिता, वाचता, बोलता, समजता यायला हवे. गंभीर गुन्ह्याचा आरोप प्रलंबित असलेला किंवा अशा गुन्ह्यात दोषी ठरून नागरी हक्क परत न मिळालेला माणूस बसू शकत नाही. सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असलेले, पूर्णवेळ पोलीस आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी यांना वगळले जाते.

• ग्रीन कार्डवर असाल तर फॉर्मवर 'नागरिक नाही' असे स्पष्ट लिहा. मतदारयादी आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून नावे काढली जातात, त्यामुळे नागरिक नसलेल्यांनाही समन्स येते. त्यात तुमचा काही दोष नाही. खरे उत्तर दिले की नाव वगळले जाते.

• तारीख खरोखर अडचणीची असेल तर पुढची मागा. भारताची तिकिटे काढली आहेत, शस्त्रक्रिया ठरली आहे, बाळंतपण जवळ आले आहे, अशी कारणे कागदपत्रांसह लगेच कळवा. पहिल्यांदा मागितलेली मुदत सहसा मिळते.

• ऑफिसात लगेच सांगा. फेडरल ज्युरीच्या कामामुळे कायम कर्मचाऱ्याला कामावरून काढणे, धमकावणे किंवा त्याच्यावर दबाव आणणे बेकायदा आहे. तसे करणाऱ्या मालकाला प्रत्येक उल्लंघनासाठी ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. त्या दिवसांचा पगार मिळेल का, हे मात्र कंपनीच्या नियमात पाहून घ्या. फेडरल कोर्टाचा भत्ता दिवसाला ५० डॉलर आहे आणि लांबलेल्या खटल्यात तो ६० पर्यंत जाऊ शकतो.

• आदल्या संध्याकाळी कोर्टाचा फोन किंवा वेबसाइट पाहा. समन्सवर तुमचा गट क्रमांक असतो. तो गट उद्या हवा आहे की नाही, ते तिथे कळते.

काय टाळावे

• समन्स कचऱ्यात टाकू नका. फेडरल समन्सला सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास १,००० डॉलरपर्यंत दंड, तीन दिवसांपर्यंत कैद, समाजसेवेचे काम किंवा यांतल्या एकाहून अधिक शिक्षा होऊ शकतात.

• नागरिक नसताना 'नागरिक आहे' अशी खूण करू नका, घाईतसुद्धा नाही. नागरिकत्वाचा खोटा दावा देशाबाहेर काढले जाण्याचे कारण ठरू शकतो. चुकून असे घडले असेल तर गप्प न बसता इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा.

• फोनवर पैसे देऊ नका. 'तुम्ही ज्युरीला आला नाहीत, वॉरंट निघाले आहे, आत्ताच गिफ्ट कार्डने दंड भरा' असे सांगणारे फोन फसवणुकीचे असतात. कोर्ट फोनवर दंड वसूल करत नाही आणि सोशल सिक्युरिटी नंबरही विचारत नाही. फोन ठेवा आणि समन्सवर छापलेल्या क्रमांकावर स्वतः चौकशी करा. घरात राहायला आलेल्या आईवडिलांनाही हे सांगून ठेवा, कारण असे फोन घरी एकटे असलेले लोक जास्त घाबरून घेतात.

• उच्चार मराठी वळणाचे आहेत म्हणून स्वतःला अपात्र ठरवू नका. कायद्याने विचारलेले असते ते भाषा समजते का आणि बोलता येते का एवढेच. ऑफिसात रोज इंग्रजीत मीटिंग घेणाऱ्याने 'माझे इंग्रजी कच्चे' असे लिहून देणे हे खोटे निवेदन आहे.


दुसरा टप्पा : निवडीच्या दिवशी

काय करावे

• वेळेआधी पोहोचा. सुरक्षा तपासणीची रांग मोठी असते. समन्स, फोटो असलेले ओळखपत्र, स्वेटर आणि वाचायला पुस्तक जवळ ठेवा. पर्समधला छोटा चाकू किंवा कात्री घरी ठेवा. काही कोर्टांत फोनही आत नेता येत नाही.

• वाट पाहायची तयारी ठेवा. शेकडो लोक एका मोठ्या खोलीत बसलेले असतात. तिथून नावे पुकारून गट कोर्टरूममध्ये नेले जातात. कित्येकांचे नाव दिवसभरात येतच नाही. तुम्ही बाहेर बसून आहात या एका गोष्टीमुळेही आत दोन्ही पक्ष तडजोडीला येतात, त्यामुळे तो दिवस वाया गेला असे समजू नका.

• प्रश्नांना खरी उत्तरे द्या. न्यायाधीश आणि वकील तुम्हाला विचारतात : घरात कोणी पोलीस आहे का? तुमच्याकडे कधी चोरी झाली आहे का? या कंपनीचे शेअर आहेत का? उत्तर लाजिरवाणे किंवा दुखरे असेल तर न्यायाधीशांना सांगा की हे मला खासगीत बोलायचे आहे. ते तुम्हाला बाजूला बोलावून घेतात.

• मनात खरोखर पूर्वग्रह असेल तर तो उघड करा. ज्याच्या बहिणीला दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने उडवले आहे, त्याने तशाच खटल्यात बसण्याआधी हे सांगणे हा प्रामाणिकपणा आहे. तुम्हाला दुसऱ्या खटल्यावर पाठवता येते.

काय टाळावे

• सुटण्यासाठी पूर्वग्रहाचे सोंग आणू नका. उत्तरे शपथेवर असतात आणि खोटी शपथ हा गुन्हा आहे. भर कोर्टात 'अमुक जातीवंशाचे लोक मला दोषीच वाटतात' असे खोटेच म्हणणारा माणूस आरोपीचा आणि शेजारी बसलेल्या माणसांचा अपमान करून बाहेर पडतो.

• वगळले गेलात तर मनाला लावून घेऊ नका. निःपक्षपाती राहू शकणार नाही असे दिसले की न्यायाधीश नाव वगळतात. शिवाय दोन्ही बाजूंना काही नावे कारण न देता वगळता येतात. फेडरल कोर्टात गंभीर गुन्ह्याच्या साध्या खटल्यात बचाव पक्षाला अशी १० आणि सरकारी पक्षाला ६ नावे मिळतात.

• कारण न देता वगळण्याचा अधिकार अमर्याद आहे असे मात्र समजू नका. वंशावरून कुणाला वगळता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८६ साली 'बॅट्सन विरुद्ध केंटकी'त ठरवले, आणि स्त्री-पुरुष भेदावरूनही नाही, हे १९९४ साली. आपल्या लोकांना ज्युरीबाहेर ठेवले जाते अशी तक्रार करण्याचा हक्क तेव्हाच शोभतो, जेव्हा आपण बोलावल्यावर हजर असतो.


तिसरा टप्पा : खटला चालू असताना

काय करावे

• आरोपी निर्दोष आहे असे धरूनच पहिल्या दिवशी खुर्चीत बसा. पुराव्याचे ओझे फौजदारी खटल्यात सरकारवर असते. आरोपीने काहीही सिद्ध करण्याची गरज नसते.

• पुरावा कोणता आणि पुरावा नसलेले कोणते, हे वेगळे ठेवा. साक्षीदारांनी शपथेवर सांगितलेले आणि कोर्टाने दाखल करून घेतलेले कागद, वस्तू, चित्रफिती एवढाच पुरावा. वकिलांची सुरुवातीची आणि शेवटची भाषणे हा पुरावा नव्हे, ती कितीही पटण्यासारखी असली तरी. न्यायाधीशांनी 'हे विचारात घेऊ नका' म्हटले तर ते बाजूला ठेवा.

• परवानगी असेल तर टिपणे काढा. कोण काय म्हणाले, कोणत्या वेळेबद्दल म्हणाले, एवढे नेमके लिहा. वही मात्र कोर्टातच राहते.

• वेळा जुळवून पाहण्याची सवय लावा. यासाठी १९५९ चा मुंबईतला नानावटी खटला अभ्यासण्यासारखा आहे. नौदल अधिकारी के. एम. नानावटी यांनी पत्नीकडून प्रेम आहुजांशी असलेल्या तिच्या संबंधांची हकिगत ऐकली. बायकामुलांना मेट्रो सिनेमाला सोडले. मग जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. प्रेम आहुजांच्या ऑफिसात गेले, ते नाहीत म्हटल्यावर त्यांच्या फ्लॅटवर गेले. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडले आणि गोळ्या झाडल्या त्या चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. बचाव होता झटापटीत चुकून गोळी सुटल्याचा. पण नुकतेच अंघोळ करून बाहेर आलेल्या आहुजांचा टॉवेल कमरेला तसाच होता. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवले. सेशन्स न्यायाधीशांना हा निकाल मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले, हायकोर्टाने दोषी ठरवले आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ते कायम केले. रागाच्या भरात हातून घडले असे म्हणायलाही ते सुमारे तीन तास आड येत होते. हे घड्याळ आणि तो टॉवेल ज्युरीसमोरही होताच.

• साक्षीदार मराठीत किंवा हिंदीत बोलला आणि ती भाषा तुम्हाला येत असली, तरी कोर्टाच्या दुभाष्याने इंग्रजीत सांगितलेले तेच ग्राह्य धरा. बाकीच्या अकरा जणांनी जे ऐकले तेच तुमचेही पुरावे असले पाहिजेत. दुभाष्याची चूक झाली असे वाटले तर चिठ्ठी लिहून न्यायाधीशांना कळवा. सहकाऱ्यांना परस्पर स्वतःचा अर्थ सांगू नका.

काय टाळावे

• गुगल करू नका. आरोपीचे नाव, साक्षीदाराचे फेसबुक, औषधाचे परिणाम, चौकाचा नकाशा, काहीही शोधू नका. तुम्ही एकट्याने वाचलेल्या गोष्टीची उलटतपासणी करण्याची संधी कोणालाच मिळत नाही. इंग्लंडमध्ये २०११ साली एका महिला ज्युररने आरोपीशी फेसबुकवर संपर्क साधला. तिला आठ महिन्यांची कैद झाली.

• पोस्ट टाकू नका. 'आज कोर्टात काय मजा आली' एवढेसुद्धा नाही. आर्कान्सा राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०११ साली खुनाच्या एका खटल्यातली फाशीची शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. त्या खटल्यात न्यायाधीशांनी बजावूनही एक ज्युरर ट्वीट करत राहिला होता आणि दुसरा साक्ष चालू असताना झोपला होता.

• घरी चर्चा करू नका. नवरा, बायको, आई, कोणाशीही नाही. 'ज्युरीवर आहे, संपल्यावर सांगेन' एवढे पुरे. ज्युरीतल्या सहकाऱ्यांशीही साक्षी संपेपर्यंत खटल्याबद्दल बोलायचे नसते.

• बातम्या वाचू नका. नानावटी खटल्याच्या वेळी 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली होती आणि सारी मुंबई त्या बाजूने बोलत होती. असे वारे वाहू लागले की पुराव्याचा आवाज ऐकू येत नाही. तुमचा खटला पेपरात गाजत असेल तर मथळेसुद्धा टाळा.

• घटनास्थळी जाऊ नका. '१२ अँग्री मेन' या चित्रपटात आणि त्यावरच्या हिंदी 'एक रुका हुआ फैसला'मध्ये एक ज्युरर बाहेर जाऊन हुबेहूब तसाच चाकू विकत आणतो. चित्रपटात ते पटते. खऱ्या कोर्टात हा गैरवर्तनाचा प्रकार ठरतो आणि खटला रद्द होऊ शकतो.

• लिफ्टमध्ये वकील भेटले आणि त्यांनी मान वळवली तर उद्धट म्हणू नका. त्यांना तुमच्याशी बोलायला मनाई असते. तुम्हीही हवापाण्याच्या गप्पा काढू नका.

• आरोपी साक्षीला उभा राहिला नाही, याचा अर्थ लावू नका. गप्प राहणे हा त्याचा घटनात्मक हक्क आहे. 'निर्दोष असता तर बोलला असता' हे वाक्य मनातही येऊ देऊ नका.


चौथा टप्पा : बंद दाराआड

काय करावे

• प्रमुख निवडताना मोठ्या आवाजाचा माणूस निवडू नका. सगळ्यांना बोलायला लावेल असा निवडा. त्याचे मत इतरांइतकेच एक असते.

• आरोपाचे भाग पाडा. चोरीचा आरोप घ्या. न्यायाधीशांच्या लेखी सूचनांत सहसा असे मुद्दे असतात : वस्तू दुसऱ्याची होती, आरोपीने ती घेतली, मालकाची संमती नव्हती, आणि परत न करण्याचा इरादा होता. फळ्यावर चार रकाने आखा. प्रत्येकाखाली पुरावा लिहा. तीन रकाने भरले आणि चौथा रिकामा राहिला, तर दोषी म्हणता येत नाही. आरोप अनेक असतील तर प्रत्येकाचा, आणि आरोपी अनेक असतील तर प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्र करा.

• शंका कोणती आहे ते शब्दांत मांडा. वाजवी शंका म्हणजे पुराव्यातून किंवा पुराव्याच्या अभावातून निघालेली, कारण सांगता येईल अशी शंका. 'काहीतरी खटकतेय' म्हणून थांबू नका. काय खटकते? साक्षीदार किती अंतरावर होता? दिवा चालू होता का? असे विचारत गेलात की शंका एक तर फिटते, नाही तर पक्की होते. दोन्ही झाले तरी काम पुढे सरकले.

• अडले तर न्यायाधीशांना लेखी प्रश्न पाठवा. साक्षीचा भाग पुन्हा वाचून दाखवा, अशी विनंतीही करता येते.

• सगळे बारा जण हजर असतील तेव्हाच बोला. कोणी स्वच्छतागृहात गेले तर चर्चा थांबवा.

• पटले तर मत बदला, न पटले तर बदलू नका. एकटे पडलात म्हणून चुकलात असे होत नाही. प्रामाणिक निकालाबद्दल ज्युरीला कोणी शिक्षा करू शकत नाही, हे तत्त्व फार किंमत मोजून मिळाले आहे. १६७० साली लंडनमध्ये विल्यम पेनच्या खटल्यातल्या ज्युरीने न्यायाधीशांना हवा तसा निकाल द्यायला नकार दिला. त्यांना अन्नपाण्याविना कोंडले गेले, दंड झाला. तो न भरणारा एडवर्ड बुशेल तुरुंगात गेला आणि त्याच्याच अर्जावर हा नियम कायम झाला.

• कोणी वंश, धर्म किंवा देश यावरून आरोपीला दोषी म्हणू लागले, तर निकाल लागण्याआधीच न्यायाधीशांना कळवा. ज्युरीच्या खोलीत काय झाले हे नंतर उघडायला कायदा सहसा नकार देतो. २०१७ च्या 'पेन्या-रॉड्रिगेझ विरुद्ध कोलोरॅडो' निकालाने उघड वंशद्वेषापुरता अपवाद केला, पण वेळेवर उचललेला हात सगळ्यात उपयोगी.

काय टाळावे

• खोलीत शिरताच मतदान घेऊ नका. एकदा सर्वांसमोर 'दोषी' म्हटले की माणूस त्या शब्दाला चिकटून बसतो. आधी पुरावा, मग मत.

• शुक्रवार संध्याकाळ झाली म्हणून हो म्हणू नका. दुसऱ्याला गाठायचे विमान हे तुमच्या मताचे कारण असू शकत नाही.

• सौदा करू नका. 'पहिल्या आरोपात तुम्ही ऐका, दुसऱ्यात आम्ही ऐकतो' ही देवाणघेवाण एका माणसाच्या आयुष्यावर होत असते.

• शिक्षा किती होईल याचा हिशेब करू नका. बहुतेक खटल्यांत शिक्षा न्यायाधीश ठरवतात. तुम्हाला विचारलेला प्रश्न एवढाच आहे : आरोप सिद्ध झाला का?

• मते कशी विभागली आहेत हे चिठ्ठीत लिहू नका. 'नऊ विरुद्ध तीन' असे न्यायाधीशांनाही कळवायचे नसते.

• एकमत होत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. न्यायाधीश पुन्हा प्रयत्न करायला सांगतील. तरीही जमले नाही तर खटला नव्याने चालवता येतो.


दिवाणी खटला आणि ग्रँड ज्युरी : फरक लक्षात ठेवा

• दिवाणी खटल्यात वाजवी शंकेपलीकडचा पुरावा मागू नका. तिथे एका बाजूचे म्हणणे अधिक संभवनीय वाटले की पुरते. फेडरल दिवाणी ज्युरी ६ ते १२ जणांची असते. भरपाई ठरवताना 'विमा कंपनीच भरणार' असा अंदाज बांधू नका.

• ग्रँड ज्युरीवर नाव आले तर मोठ्या मुदतीची तयारी ठेवा. काम १८ महिन्यांपर्यंत चालू शकते, मात्र रोज जावे लागत नाही. १६ ते २३ जण बसतात आणि खटला भरण्यासाठी १२ मते लागतात. तिथे प्रश्न दोषी की निर्दोष हा नसतो, खटला भरण्याइतका आधार आहे का एवढाच असतो. बचाव पक्षाचा वकील खोलीत नसतो, म्हणून सरकारी वकिलाला अवघड प्रश्न तुम्हीच विचारा.

• ग्रँड ज्युरीतली गोष्ट बाहेर सांगू नका. काम संपल्यावरही नाही.


पाचवा टप्पा : निकालानंतर

काय करावे

• प्रत्येकाला 'हा तुमचा निकाल आहे का?' असे विचारले गेले तर स्वतःचे खरे उत्तर द्या. तुमचे मत बदलले असेल तर ते सांगण्याची ही शेवटची संधी असते.

• हजेरीचे प्रमाणपत्र मागून घ्या आणि ऑफिसात द्या. भत्ता करपात्र असतो. तो कंपनीला परत दिला असेल तर तेवढी रक्कम उत्पन्नातून वजा करता येते.

• मन अस्वस्थ राहिले तर कोर्टात विचारा. खुनाची छायाचित्रे, लहान मुलांच्या साक्षी पाहून घरी आलेल्या माणसाची झोप उडते, हे नैसर्गिक आहे. काही कोर्टे समुपदेशनाची सोय करतात.

काय टाळावे

• पत्रकारांशी किंवा वकिलांशी बोललेच पाहिजे असे समजू नका. साध्या ज्युरीचे काम संपल्यावर बोलायची परवानगी बहुधा असते, पण सक्ती नसते. बोललात तरी इतरांनी खोलीत काय सांगितले ते त्यांच्यापाशीच राहू द्या.

• आरोपी निर्दोष सुटला म्हणजे पोलिसांचा पराभव आणि दोषी ठरला म्हणजे आपला विजय, असा हिशेब मांडू नका. पुरावा पुरा पडला की नाही, एवढेच तुम्ही सांगितले आहे.

• पुढचे समन्स येईल तेव्हा 'मागे एकदा गेलो होतो' म्हणून अंग काढून घेऊ नका. मधल्या काळाची सूट फॉर्मवर लिहिलेली असेल तर ती घ्या, नसेल तर जा.

• हा अनुभव स्वतःपुरता ठेवू नका. इथे वाढलेली आपली मुले १८ वर्षांची झाली की त्यांनाही समन्स येणार आहे. त्यांना शेजारी बसवून फॉर्म भरायला शिकवा, टिळकांच्या दोन खटल्यांतले आकडे सांगा. एका माणसाची प्रामाणिक शंका अख्ख्या सरकारला थांबवू शकते, आणि म्हणून ती शंका पुराव्यातूनच आलेली असली पाहिजे, हे दोन्ही त्यांना एकत्रच सांगा.